निरभ्र सकाळी वाजणारा वीज-इशारा: सांगली परिसरातलं एक प्रकरण

संस्थेचं, पुरवठादाराचं आणि व्यक्तींचं नाव दिलेलं नाही. प्रकरणातले आकडे सोयीसाठी जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत. विद्युतक्षेत्राचे सगळे आकडे व्होल्ट प्रति मीटरमध्ये आहेत. निरभ्र हवेत हा आकडा धन येतो, तोच संकेत पुढे सगळीकडे धरला आहे.

पार्श्वभूमी

सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका महाविद्यालयाचं मोठं मैदान आहे. सकाळी साडेसहापासून तिथे एनसीसीची कवायत, खो-खो आणि धावण्याचा सराव चालतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात तेव्हाही मैदानावर मुलं असतात. उघड्या मैदानावर विजेचा धोका सर्वांत जास्त, म्हणून संस्थेने मार्चमध्ये वीज-इशारा यंत्रणा घेतली. तिच्यात एक फील्ड मिल, एक पिवळा दिवा आणि एक भोंगा होता.

फील्ड मिल म्हणजे हवेतलं विद्युतक्षेत्र मोजणारं यंत्र. अर्थिंग केलेली चार पात्यांची चकती मोटरवर फिरते आणि खालच्या धातूच्या पट्ट्यांना आळीपाळीने उघडं करते, झाकते. पट्टी उघडी पडली की क्षेत्रामुळे तिच्यावर भार येतो, झाकली की निघून जातो. पट्टीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि क्षेत्र १०० असेल तर हा भार जेमतेम ९ पिकोकुलंब भरतो. म्हणजे प्रवाह एक-दोन नॅनोअँपिअरचा. इतक्या बारीक प्रवाहावर सगळी यंत्रणा उभी असते.

पुरवठादाराच्या माणसाने मिल दुमजली इमारतीच्या गच्चीवर, कोपऱ्यातल्या कठड्याला दीड मीटरचा पाइप बांधून बसवली. जागा उंच, वायर जवळ, मुलांचा हात पोचत नाही. आकडा १०००च्या पुढे गेला की पिवळा दिवा आणि २०००च्या पुढे गेला की भोंगा, धन असो की ऋण, असे उंबरठे ठरवून तो गेला. वारा मोजायला काहीच बसवलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात यंत्रणेने काम चोख केलं. वळवाच्या आधी भोंगा वाजायचा, मैदान रिकामं व्हायचं.

अडचण

दिवाळीनंतर गणित बिघडलं. आकाश स्वच्छ असताना सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पिवळा दिवा जवळपास रोज लागू लागला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तर भर कवायतीत भोंगाही वाजला. "सर, आभाळात ढगाचा ठिपका नाय, आन् ह्यो कशाला बोंबलतोय?" हा शिपाईमामांचा प्रश्न रास्त होता. पुन्हा दोनदा तसंच झालं तेव्हा मामांनी भोंग्याचा प्लगच काढून ठेवला. कुणी त्यांना अडवलंही नाही.

खरा धोका इथेच होता. डिसेंबरात निघालेला प्लग एप्रिलमध्ये आठवणीने कोण लावणार? खोट्या इशाऱ्याने सकाळचा सराव बुडतो तो बुडतो, पण खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वासही उडतो. क्रीडाशिक्षकांनी प्राचार्यांना लेखी कळवलं आणि विषय भौतिकशास्त्र विभागाकडे आला.

एक धागा आधीच हाती होता, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. नोंदवहीत दिवाळीच्या रात्री, वारा पडलेला असताना, आठपासून मध्यरात्र उलटेपर्यंत पिवळा दिवा चालू होता. सुट्टी असल्यामुळे ते पान कुणी उलटलंच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: यंत्र सदोष आहे म्हणून परत करायचं. वॉरंटी शिल्लक होती. पण दोष सिद्ध झालेला नव्हता. आणि बदली यंत्र त्याच कोपऱ्यात बसलं तर तेही तसंच वागण्याची शक्यता होती.

दुसरा पर्याय पुरवठादाराने फोनवर सुचवला: भोंग्याचा उंबरठा २०००वरून ५००० करा. यात हिवाळा शांत गेला असता, पण ढग डोक्यावर येईपर्यंत भोंगाही गप्प राहिला असता. इशाऱ्याची दहा-पंधरा मिनिटं हातची जाणार होती.

तिसरा पर्याय मिल बंद करून फक्त 'दामिनी' ॲपवर विसंबायचा. पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) हे ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडलेल्या विजांची सूचना देतं, आणि ते मोफत आहे. पण ते पडून गेलेल्या विजेची खबर देतं. डोक्यावर तयार होणाऱ्या ढगाची पहिलीच वीज आपल्या मैदानात पडणार असेल, तर तिच्याआधी ॲपकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. ढगात भार साठताना क्षेत्र बदलतं, ते फील्ड मिलला दिसतं. दोन्ही साधनं एकमेकांना पूरक आहेत, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

चौथा पर्याय म्हणजे आकडा का चढतो ते आधी शोधायचं. याला दीड-दोन महिने लागणार होते, आणि तोवर भोंग्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. हिवाळ्यात वळीव येत नाही, त्यामुळे जानेवारीअखेरपर्यंत भोंगा अधिकृतपणे, लेखी नोंद करून बंद ठेवायचा आणि शोध घ्यायचा असं ठरलं. मामांनी काढलेला प्लग असा कागदावर आला. वरवर ही औपचारिकता वाटते, पण बंद यंत्रणा पुन्हा चालू करण्याची तारीख आणि जबाबदार माणूस त्यामुळेच ठरला.

यंत्र तपासलं

आधी शून्य पाहिलं. मिलवर अर्थिंग केलेली पत्र्याची बादली उपडी ठेवली की आतलं क्षेत्र शून्य होतं. आकडा शून्याभोवती ३५ इतका वरखाली होत होता. कारण सापडलं: चार पाती आणि मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडझाप. घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तिची दुप्पट नेमकी १००. गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा गुणगुणाट थेट मापनात शिरत होता. मोटरचा वेग १३८० फेऱ्यांवर आणला, उघडझाप ९२ झाली आणि डुगडुग गेली. पट्टी केव्हा उघडी आणि केव्हा झाकलेली हे सांगणारा संदर्भ सिग्नल पात्यांवरच्या ऑप्टिकल सेन्सरवरून घेतलेला होता, म्हणून वेग बदलल्याने बाकी काही बिघडलं नाही.

मग ज्ञात क्षेत्र देऊन पाहिलं. मिलचं तोंड एका मोठ्या पत्र्याच्या भोकात सपाटीला बसवलं, वर ३० सेंटिमीटरवर दुसरा पत्रा टांगला आणि दोन्हींमध्ये ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडून ९० व्होल्ट दिले. क्षेत्र ३०० यायला हवं होतं, आकडा २९० ते ३०५ च्या दरम्यान आला. बॅटऱ्या उलट्या जोडल्या, आकडा ऋण झाला. यंत्र खरं बोलत होतं, पहिला पर्याय इथेच निकाली निघाला.

जागा तपासली

टोकदार, उंच वस्तूवर विद्युतक्षेत्र एकवटतं. इमारतीच्या कोपऱ्यावर, त्यावर पाइप, त्या पाइपवर मिल: मोजलेला आकडा जमिनीवरच्या खऱ्या क्षेत्राच्या कितीतरी पट असणार. किती पट, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

त्यासाठी जुनी, खात्रीची पद्धत वापरली. मोकळ्या जागेत जमिनीपासून बरोबर १ मीटर उंचीवर २० मीटर लांबीची बारीक तार ताणली. दोन्ही टोकांना टेफ्लॉनचे विद्युतरोधक (इन्सुलेटर) आणि एका टोकाला दुसऱ्या संस्थेतून तात्पुरता आणलेला इलेक्ट्रोमीटर, म्हणजे जवळजवळ प्रवाह न घेता व्होल्टेज मोजणारं यंत्र. तार हळूहळू भोवतालच्या हवेच्या विभवाला (व्होल्टेजला) येते. उंची १ मीटर असल्यामुळे तिचं व्होल्टेज हेच क्षेत्राचं माप.

'हळूहळू' किती, ते हवेच्या वाहकतेवर ठरतं आणि इथे बरेच जण फसतात. स्वच्छ हवेत तारेला स्थिरावायला पाच-सहा मिनिटं लागतात. दाट धुरात हवेची वाहकता दहावा हिस्सा झाली की तोच वेळ तासाच्या घरात जातो. शिवाय धुरात तारेकडे येणारा प्रवाह इतका क्षीण असतो की विद्युतरोधकातून झालेली किरकोळ गळतीही आकडा खाली ओढते. पहिल्या आठवड्यात काही सकाळी मिल १५०० दाखवत असताना तारेवर जवळपास शून्य येत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर टेफ्लॉनपासून खांबापर्यंत कोळ्याचा एकच धागा होता आणि त्यावर दंवाचे थेंब. तेवढ्यानेही तार जमिनीला जोडली गेली होती. म्हणून विद्युतरोधक रोज सकाळी कोरड्या ब्रशने साफ करायचे आणि तुलना फक्त दुपारी बारा ते चारच्या नोंदींची करायची, असं ठरलं. वारा सेकंदाला २ ते ६ मीटर असावा आणि ढग नसावेत, ही अटही घातली.

अशा नोंदी एकमेकींसमोर मांडल्या तेव्हा गच्चीवरचा आकडा जमिनीवरच्या आकड्याच्या सरासरी ३.२ पट निघाला. हा त्या जागेचा गुणक. म्हणजे 'पिवळा दिवा १०००' हा खरं तर जमिनीवरचा ३१० होता आणि 'भोंगा २०००' हा ६२५. पुरवठादाराचे उंबरठे सपाट जमिनीसाठी ठीकच होते, पण कोपऱ्यातल्या कठड्यावर त्यांना काही अर्थ उरला नव्हता. उन्हाळ्यात हे उघडं पडलं नाही, कारण वळवाच्या ढगाखाली क्षेत्र हजारोंमध्ये जातं. तीनपट चूक तिथे सहज खपून जाते.

पण सकाळी जमिनीवर ३००-६०० तरी का?

निरभ्र हवेत जमिनीजवळ १००-१५० हा सर्वसाधारण आकडा. जगभरचे गडगडाटी ढग मिळून वातावरणाच्या वरच्या, वीज वाहणाऱ्या थराला, म्हणजे आयनमंडलाला, जमिनीच्या तुलनेत सुमारे २.५ लाख व्होल्टवर ठेवतात, आणि निरभ्र भागांतून तो भार सतत खाली झिरपतो. हा प्रवाह दर चौरस मीटरला साधारण २ पिकोअँपिअर असतो. क्षेत्र म्हणजे हा प्रवाह भागिले हवेची वाहकता. वाहकता कमी झाली की क्षेत्र वाढलंच पाहिजे.

हवेची वाहकता सूक्ष्म आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अतिबारीक कणांवर, चालते. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण मिळून दर घन सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे १० आयन-जोड्या तयार करतात. त्या दोन वाटांनी नाहीशा होतात: विरुद्ध आयनाला भेटून, किंवा धुराच्या कणाला चिकटून. कणाला चिकटलेला आयन इतका जड होतो की प्रवाहाच्या दृष्टीने तो संपलाच. ढोबळ हिशेब मांडला तो असा. घन सेंटिमीटरला १०,००० धूलिकण असतील तर प्रत्येक चिन्हाचे सुमारे ६६० आयन उरतात आणि क्षेत्र ८० च्या आसपास येतं. कण ३०,००० झाले की आयन २४० वर येतात, क्षेत्र २२० होतं. कण लाखावर गेले तर आयन सत्तरच उरतात आणि क्षेत्र ७०० च्या पुढे जातं. प्रत्यक्षात ते थोडं कमी भरतं, कारण धुराचा थर स्वतःच वाटेतला रोध वाढवतो. पण थर शे-दोनशे मीटरचा आणि आयनमंडल साठ किलोमीटरच्या वर, त्यामुळे एकूण प्रवाहाला फारसा धक्का बसत नाही. क्षेत्र मात्र त्या थरात भडकतं.

सांगलीच्या डिसेंबरातल्या सकाळी कण कुठून येतात हे कुणाला सांगायला नको. नदीकाठच्या वीटभट्ट्या, अंघोळीच्या पाण्याचे बंब, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, चिपाडावर चालणारे बॉयलर, तोडणी झालेल्या फडातलं पेटवलेलं पाचट. त्यात रात्री जमीन थंड पडते, थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं. वारा सेकंदाला १ मीटरच्याही खाली. कृष्णेवरून येणारं धुकं असेल तर आयन आणखी कमी होतात.

इथे एक शंका रास्त होती: सकाळचा चढ कदाचित जागतिक मंडलाचाच, म्हणजे गडगडाटी ढग ते आयनमंडल ते जमीन या जगभरच्या विद्युतफेऱ्याचाच, असेल? ती पडताळायची सोय फार जुनी आहे. 'कार्नेगी' या संशोधन जहाजाने खुल्या समुद्रावर, धुरापासून दूर घेतलेल्या नोंदींवरून दिसलं की जगभर हे क्षेत्र एकाच घड्याळाने वरखाली होतं. ग्रीनिच वेळेनुसार सुमारे १९ वाजता सर्वांत जास्त, पहाटे ३ च्या सुमारास सर्वांत कमी. भारतीय वेळेत हे रात्री साडेबारा आणि सकाळी साडेआठ. म्हणजे सांगलीतली मिल ज्या वेळी सर्वांत वर जात होती, नेमक्या त्याच वेळी जागतिक मंडल तळाला असतं. सकाळचा चढ स्थानिकच होता, यात शंका उरली नाही. आणि ही गोष्ट नवीनही नाही. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतल्या विद्युतक्षेत्राच्या जुन्या नोंदींवरून संशोधकांनी त्या काळच्या कोळशाच्या धुराचा उलटा अंदाज बांधला आहे.

वारा जोडला तेव्हा

जानेवारीत ३ मीटर उंचीवर पेल्यांचा वेगमापक आणि दिशादर्शक बसवला. सोबत पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजणारा साधा लेझर सेन्सर लावला. तीन आठवड्यांच्या नोंदींतून वाऱ्याची तीन वेगवेगळी कामं दिसली. ती एकात मिसळली की गोंधळ होतो.

वारा १ मीटर प्रति सेकंदाच्या खाली असताना आकडा जास्त, पण संथ. तासाभरात चढायचा, नऊनंतर ऊन तापलं की तासाभरात उतरायचा.

१ ते ३ मीटरचा वारा भट्ट्यांच्या दिशेने आला की सरासरी तितकी जास्त नसायची, पण आकडा दर मिनिटाला झोके घ्यायचा. धुरासोबत भारित कणांचे लोट येतात. ते डोक्यावरून जाताना क्षेत्र वर-खाली ढकलतात. हाच वेग, पण शेतांच्या बाजूने वारा आला तर आकडा शांत. नुसता वेग मोजला असता आणि दिशा सोडली असती तर या दोन दिवसांत फरकच करता आला नसता.

दुपारी ३ ते ५ मीटरचा वारा सुटला, जमिनीवरची हवा वर ढवळली गेली, की जमिनीवरचं क्षेत्र ९० ते १३० वर यायचं. निरभ्र हवेच्या विद्युत नोंदींसाठी १ ते ८ मीटर प्रति सेकंद वाऱ्याची अट घालतात ती याचसाठी: त्याखाली हवा कोंडते, त्यावर धूळ उडते.

लेझर सेन्सरने मात्र निम्मीच साथ दिली. काही सकाळी मिल वर आणि पीएम बेताचा, असं झालं. कारण आयन खाणारे बहुतेक कण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि असा सेन्सर त्याखालचे कण जवळजवळ पाहतच नाही. ताज्या धुरात असेच कण भरपूर. उलट धुक्यात, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की तो पाण्याने फुगलेले कण मोजून आकडा फुगवतो. म्हणून इशाऱ्याच्या नियमात पीएमला जागा दिली नाही. तो फक्त माहितीसाठी ठेवला.

निर्णय: कुठे गप्प बसायचं, कुठे नाही

मिल गच्चीवरून खाली आणली. मैदानाच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात, २ मीटरच्या खांबावर, तोंड खाली करून. तोंड खाली असलं की पाऊस आणि धूळ आत बसत नाही. झाडं आणि भिंत त्यांच्या उंचीच्या किमान तिप्पट अंतरावर राहतील अशी जागा निवडली. आवाराच्या कडेने जाणाऱ्या उच्चदाब तारांपासूनही ती लांब होती, कारण धुक्यात अशा तारांवरून सुटणारे आयन वाऱ्याबरोबर दूरवर जातात. १ मीटरवरच्या मोजणीच्या तारेशी पुन्हा तुलना करून नवा गुणक काढला आणि तो सॉफ्टवेअरमध्ये भरला, म्हणजे पडद्यावर जमिनीचाच आकडा दिसेल.

खरा वाद झाला तो नियमांवर. पहिल्या मसुद्यात दोन वेळा भोंगा गप्प ठेवायचं ठरत होतं: वारा अगदी कमी असताना (धूर) आणि ८ मीटरच्या वर असताना (धूळ). धुळीतले कण एकमेकांवर घासून भारित होतात, आकडा ऋण होतो, खोटा इशारा मिळतो, हा युक्तिवाद बरोबरच होता. पण एप्रिल-मेमध्ये जोराचा वारा बहुतेक वेळा येतो कुठून? वळवाच्या ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते, तिची धुळीची भिंत ढगाच्या पुढे धावते. म्हणजे धुळीचा वारा हाच अनेकदा विजेचा हलकारा. त्या वेळी भोंगा दाबला तर नेमकी हवी ती मिनिटं हरवतात. दुसरी अट कापली. धुळीमुळे वर्षात दोन-चार खोटे भोंगे वाजले तरी चालतील, असं प्राचार्यांनी लेखी मान्य केलं.

शेवटी ठरलेले नियम, जमिनीवरच्या आकड्यांत:

भोंगा वाजेल, जर
– आकडा ३० सेकंद सलग ऋण ८०० च्या पलीकडे राहिला,
– किंवा एका मिनिटात ६०० पेक्षा जास्त बदल होऊन चिन्ह पालटलं,
– किंवा पाच मिनिटांत ३०० पेक्षा मोठे दोन झटके, प्रत्येक एका सेकंदाच्या आत, बसले,
– किंवा आकडा धन १५०० च्या वर गेला.

पिवळा दिवा ५०० ला लागेल. पण आकडा धन, वारा १.५ मीटरच्या खाली, दहा मिनिटांतला बदल १५० पेक्षा कमी आणि 'दामिनी'वर ४० किलोमीटरमध्ये वीज नाही, हे चारही जुळलं तर क्रीडाशिक्षक 'धूर' अशी नोंद करून सराव चालू ठेवतील. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मैदान बंद, हा नियम आकडा काहीही म्हणो, कायम.

झटक्यांचा नियम सर्वांत भरवशाचा. वीज पडते तेव्हा ढगातला भार क्षणात कमी होतो, क्षेत्र एकदम उडी मारतं आणि मग सावकाश पूर्वपदावर येतं. धूर असं कधी करत नाही. मात्र हे दिसायला सेकंदासेकंदाची नोंद लागते. मूळ सॉफ्टवेअर पाच मिनिटांची सरासरी साठवत होतं, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यातले सगळे झटके त्यात विरून गेले होते. ती नोंद परत मिळण्यासारखी नव्हती.

परिणाम

भोंगा फेब्रुवारीत पुन्हा जोडला. प्लग कुलपाच्या पेटीत गेला, किल्ली मामांकडेच ठेवली, आणि दर सोमवारी भोंगा वाजवून पाहण्याची नोंद तेच करू लागले. राहिलेल्या थंडीत खोटा भोंगा वाजला नाही. पिवळा दिवा काही सकाळी लागला, 'धूर' असं लिहून सराव झाला.

उन्हाळ्यात दोनदा नुसत्या धुळीने भोंगा वाजला. मैदान रिकामं झालं, वीज आली नाही, तक्रारही आली नाही. बाकी वळवांत इशाऱ्याला बरा अवकाश मिळाला. एका संध्याकाळी मात्र पहिली वीज आणि भोंगा जवळजवळ एकदम झाले. ढग तयार होऊनच वेगाने आला होता. त्या वेळी 'दामिनी'ने आधी सूचना दिली होती आणि शिक्षकांनी त्यावरून मुलांना आत घेतलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या वेळी जागेचा गुणक मोजण्याची अट घातली असती तर अर्धं प्रकरण उद्भवलंच नसतं. तार, टेफ्लॉन आणि दोन कोरड्या दुपारी एवढंच त्याला लागतं. वारामापक मिलसोबतच घ्यायला हवा होता. त्याची किंमत मिलच्या तुलनेत नगण्य आहे. आणि पुरवठादाराने उंबरठा वाढवायला सांगितलं तेव्हा "कोणत्या जागेसाठी?" हा प्रश्न विचारायला हवा होता.

देखभालीतही दोन गोष्टी उशिरा कळल्या. फिरत्या चकतीचं अर्थिंग कार्बन ब्रशमधून होतं. ब्रश झिजला की चकती स्वतःच भार धरते आणि शून्य सरकतं. महिन्यातून एकदा बादली उपडी घालून शून्य पाहिलं की हे लगेच पकडता येतं. दुसरी कुंभारीण माशी. तोंड खाली असलेल्या मिलमध्ये तिला घर बांधायला आयती जागा मिळते, आणि तिची ओली माती पट्टीला चिकटली की गळती सुरू होते.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. गुणक मोजला तेव्हा शेजारच्या रानातला ऊस नुकताच तुटून गेला होता, रान उघडं होतं. तिथे आता खोडवा आहे. पावसाळा संपेपर्यंत तो माणसाच्या डोक्यावर जाईल, आणि दहा-बारा मीटरवर उभा ऊस असला की मिलला दिसणारं क्षेत्र कमी भरेल, म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा खाली येईल. त्यामुळे तारेची तुलना वर्षातून दोनदा करायची ठरली आहे: एकदा तोड झाल्यावर, एकदा ऊस पुरा उभा असताना. दुसरी तुलना ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर होईल. तोवर भोंग्याचे उंबरठे एक-पंचमांशाने खाली ठेवले आहेत.